इंग्रजी शब्दांचे लॅटिन मूळ आणि अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधताना शब्दकोशातील व्युत्पत्तीच्या ओळीपाशी अडखळलेल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. लॅटिन शब्द त्यांच्या प्राचीन उच्चाराला जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एखादा इंग्रजी शब्द "लॅटिनमधून आला" म्हणजे नेमके काय झाले?

इंग्रजी ही लॅटिनची मुलगी नव्हे. तिचा सांगाडा, म्हणजे सर्वनामे, शब्दयोगी अव्यये, संख्यावाचके आणि रोजची क्रियापदे, हा जर्मानिक, म्हणजे जर्मन आणि डच यांच्या कुळातला, आहे. तरीही आजच्या मोठ्या शब्दकोशातील अर्ध्याहून अधिक शब्द थेट लॅटिनमधून किंवा फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत. ते एकदम आले नाहीत. वाइन, वॉल, स्ट्रीट आणि माइल हे शब्द इंग्रजीचे पूर्वज युरोपच्या मुख्य भूमीवर रोमन लोकांशी व्यवहार करीत होते तेव्हाच त्यांच्या तोंडी बसले. 597 मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक केंटमध्ये उतरल्यानंतर धर्माचे शब्द येऊ लागले. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार, न्यायदान आणि स्वयंपाक यांची फ्रेंच परिभाषा आली, जी मुळात बोलीभाषेत झिजलेली लॅटिनच होती. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात पंडितांनी ग्रंथांतून हजारो शब्द थेट उचलले. म्हणून "लॅटिनमधून आला" हे उत्तर अर्धेच असते. तो कोणत्या वाटेने आणि केव्हा आला हे कळल्याशिवाय त्याचे आजचे रूप समजत नाही (प्रश्न 4 पाहावा).

2. शब्दकोशातील व्युत्पत्तीची ओळ कशी वाचावी?

ती ओळ वर्तमानाकडून भूतकाळाकडे जाते. < ही खूण "याच्यापासून" असे सांगते. शब्दाआधी तारांकन असेल, तर ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नसून अभ्यासकांनी तुलनेवरून उभे केलेले आहे असे समजावे. सोबत दिलेले वर्ष हे शब्दाच्या जन्माचे नसते. ज्या सर्वांत जुन्या लेखनात तो आढळला, त्याचे ते वर्ष असते. बोलण्यात तो त्याआधीही असू शकतो.

एक उदाहरण जवळून पाहू. रायव्हल, म्हणजे प्रतिस्पर्धी, या शब्दापुढे साधारण अशी साखळी दिसते : रायव्हल < लॅटिन रीवालिस < रीवुस. रीवुस म्हणजे ओढा किंवा पाण्याचा पाट, आणि रीवालिस म्हणजे त्याच पाटाचे पाणी घेणारा शेजारी. एका पाटावर पाळीने पाणी घेणारे दोघे जण किती काळ गुण्यागोविंदाने राहतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला "प्रतिस्पर्धी" हा अर्थ कोठून आला ते समजावून सांगावे लागत नाही.

येथे वाचकाचा हात सहजच रिव्हर, म्हणजे नदी, या शब्दाकडे जातो आणि तोही रीवुसपासूनच आला असणार असे वाटते. पण शब्दकोश उघडला की वेगळेच निघते. रिव्हर हा फ्रेंचच्या वाटेने रीपा या लॅटिन शब्दापर्यंत जातो आणि रीपा म्हणजे पाणी नव्हे, तर काठ. त्याच रीपापासून अराइव्ह आला. त्याचा मूळ अर्थ "काठाला लागणे" असा होता. उलट डिराइव्ह हा मात्र रीवुसच्या घरचा आहे, कारण लॅटिनमध्ये देरीवारे म्हणजे प्रवाहातून पाणी दुसरीकडे वळवून नेणे. एका शब्दापासून दुसरा शब्द निघाला असे सांगण्यासाठी इंग्रजीने पाट फोडून पाणी नेण्याची ही प्रतिमा वापरावी, हे मला या सर्व साखळीतील सर्वांत देखणे वळण वाटते. चार शब्द दिसायला सख्खे, पण दोन ओढ्याचे आणि दोन काठाचे. हे केवळ डोळ्यांनी पाहून ठरवता आले नसते.

3. मूळ अर्थ सापडला म्हणजे शब्दाचा खरा अर्थ सापडला, असे मानावे का?

मानू नये. शब्दाचा अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. व्युत्पत्ती त्या अर्थापर्यंतचा प्रवास सांगते. याचा पुरावा मराठीतच आहे. "तेल" हा शब्द तिळापासून निघाला, पण म्हणून खोबरेल तेलाला तेल म्हणणे चुकीचे ठरत नाही. गंमत अशी की इंग्रजीतील ऑइल याची गोष्ट अगदी हीच आहे : लॅटिन ओलेउम म्हणजे ऑलिव्हच्या फळाचे तेल. पुढे कोणतेही तेल ऑइल झाले आणि खडकातून निघणाऱ्या तेलाला पेट्रोलियम हे नाव पडले.

कधी कधी अर्थ पार उलटतो. नाइस हा लॅटिन नेस्किउस, म्हणजे "काही न जाणणारा", यापासून आला आहे. तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ "मूर्ख" असा होता; मग तो चोखंदळ, नाजूक, नेमका अशी वळणे घेत आजच्या "छान"पर्यंत पोहोचला. डेसिमेट या शब्दाबाबत तर वाद घालणारे अजूनही आहेत. रोमन सैन्यात बंड करणाऱ्या तुकडीतील दर दहा जणांमागे एकाला चिठ्ठी टाकून ठार मारण्याच्या शिक्षेला देकिमारे म्हणत. त्यामुळे आजही त्याचा अर्थ "दहावा हिस्सा नष्ट करणे" एवढाच घ्यावा, असा काहींचा आग्रह असतो. सर्वसाधारण वापरात मात्र तो "मोठ्या प्रमाणावर संहार करणे" असाच घेतला जातो आणि शब्दकोशही तोच अर्थ देतात.

मग व्युत्पत्तीचा उपयोग काय? ती अर्थ ठरवत नाही, पण तो लक्षात ठेवायला फार मदत करते. कँडिडुस म्हणजे शुभ्र, चकाकणारे. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा मनुष्य खडूने पांढरा केलेला झगा घालून हिंडत असे, म्हणून तो कँडिडेट. कँडिड, म्हणजे निखळ किंवा मनमोकळा, आणि कँडल, म्हणजे मेणबत्ती, हे त्याच धातूचे शब्द आहेत. हे एकदा कळले की तिन्ही शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

4. एकाच लॅटिन शब्दाचे इंग्रजीत दोन-तीन वेगवेगळे शब्द कसे होतात?

मराठी वाचकाला हे समजायला सर्वांत सोपे आहे, कारण आपल्याकडे तत्सम आणि तद्भव हा भेद शाळेतच शिकवला जातो. क्षेत्र आणि शेत, गृह आणि घर, कर्म आणि काम या जोड्या जशा, तशाच इंग्रजीतील फ्रॅजाइल आणि फ्रेल, रीगल आणि रॉयल, सिक्युअर आणि शुअर या जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतील पहिला शब्द ग्रंथांतून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला, म्हणजे इंग्रजीचा "तत्सम" आहे. दुसरा फ्रेंच लोकांच्या तोंडी शतकानुशतके झिजून आलेला, म्हणजे "तद्भव" आहे. फ्रागिलिस, रेगालिस आणि सेकूरुस हे त्यांचे मूळ लॅटिन शब्द.

झिजलेले रूप सहसा घरगुती अर्थाचे आणि ग्रंथातले रूप औपचारिक, असे दिसते. पण हा नियम नव्हे, कल आहे. कधी भावंडे तीनही असतात : हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द पाहुण्यांच्या निवासाला लागणाऱ्या होस्पिताले या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत.

5. एक धातू शिकला तर अनेक शब्द कळतात असे म्हणतात, पण तो धातू शब्दांत ओळखू का येत नाही?

कारण लॅटिनमध्येही संधी होतात. उत् आणि लेख मिळून "उल्लेख" होतो, सत् आणि जन मिळून "सज्जन" होतो. पुढच्या वर्णाने मागच्या वर्णाला आपल्यासारखे केले. लॅटिन उपसर्गांचे हेच होते. नकारार्थी "इन" हा उपसर्ग लीगलपुढे आला की इल्लीगल होतो, पॉसिबलपुढे आला की इम्पॉसिबल आणि रेग्युलरपुढे आला की इर्रेग्युलर. "आद्", म्हणजे "कडे", हा उपसर्ग तर इतकी रूपे घेतो की तो बहुतेक वेळा जोडाक्षराच्या मागे दडलेलाच असतो. अफेक्ट आणि अट्रॅक्ट या शब्दांच्या स्पेलिंगमधील दुहेरी अक्षर ही त्याचीच खूण आहे.

दुसरा बदल धातूच्या स्वरात होतो. फाकेरे, म्हणजे करणे, या क्रियापदापासून फॅक्ट आणि फॅक्टरी आले, हे दिसते. पण मागे उपसर्ग लागला की लॅटिनमध्येच "आ" दुबळा होऊन "ए" किंवा "इ" होतो. म्हणून इफेक्ट, परफेक्ट, डिफिकल्ट आणि ऑफिस हे सारे त्याच धातूचे असूनही परके वाटतात. फ्रेंचमधून फिरून आलेला फॅशन हाही त्यातलाच, आणि गटबाजी सुचवणारा फॅक्शन हा त्याचा तत्सम भाऊ. घेणे या अर्थाचा कापेरे अगदी याच वळणाने जातो : कॅप्चर, रिसेप्शन, रेसिपिअंट. माझा सल्ला असा की धातूंच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा "आ, ए, इ" हा एक बदल आणि उपसर्गांचे संधी आधी शिकावेत.

6. "इन" म्हणजे "नाही" असेल, तर इन्फ्लेमेबल म्हणजे "पेटणारे" कसे?

कारण लॅटिनमध्ये "इन" दोन आहेत. एक नकाराचा, जो संस्कृतमधील अ किंवा अन् याचा सगोत्र आहे. दुसरा "आत, वर" या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमधील "इन" दुसरा आहे. फ्लाम्मा म्हणजे ज्वाळा आणि इन्फ्लाम्मारे म्हणजे पेटवणे. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो हे ओळखून 20व्या शतकात आग-सुरक्षेच्या क्षेत्रातील लोकांनी इशाऱ्याच्या पाट्यांवर उपसर्ग गाळून फ्लेमेबल हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला.

इन्व्हॅल्युएबल हा शब्द उलट दिशेने फसवतो. त्यात "इन" खरोखर नकाराचा आहे, तरी अर्थ "किंमत नसलेले" असा होत नाही. "ज्याचे मोल करता येत नाही" असा तो आहे. मराठीतील "अमूल्य" हा शब्द ज्याला कळतो, त्याला येथे अडचण पडू नये.

7. सप्त आणि सेप्टेम, नव आणि नोवेम इतके सारखे आहेत, मग लॅटिन संस्कृतमधूनच निघाली का?

नाही; या दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. 1786 मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे नसून त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आज उरलेली नसावी, असे मांडले. पुढील संशोधनाने ते सिद्ध झाले. त्यामुळे दन्त आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, अग्नी आणि इग्निशन, मध्य आणि मीडियम, मृत आणि मॉर्टल या जोड्यांत कोणी कोणाकडून काही घेतलेले नाही. दोघांकडे तो वारसा आहे.

यातील माझी आवडती जोडी मूषक आणि मसल. लॅटिनमध्ये मूस् म्हणजे उंदीर आणि मूस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली जे हलते, ते रोमन लोकांना उंदरासारखे वाटले असावे. पशू आणि पेक्युनिअरी, म्हणजे पैशासंबंधी, यांचेही असेच नाते आहे. लॅटिन पेकू म्हणजे गुरेढोरे, आणि त्यावरून धनाला पेकूनिया.

भारतातून खरोखर उसने गेलेले शब्दही आहेत, पण त्यांची वाट वेगळी आणि दाखवता येण्यासारखी आहे. पिप्पलीचे ग्रीकमध्ये पेपेरी, लॅटिनमध्ये पिपेर आणि इंग्रजीत पेपर, म्हणजे मिरी, झाले. शर्करा फारसी, अरबी, मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच असा प्रवास करून शुगर झाली. माल गेला आणि नावही सोबत गेले.

8. सेप्टेंबर म्हणजे सातवा, तर तो नववा महिना का?

रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून मोजले जाई, म्हणून सेप्टेंबर ते डिसेंबर ही नावे सातवा ते दहावा अशीच आहेत. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने मध्ये घुसडल्यामुळे मोजणी बिघडली, हा सर्वत्र ऐकू येणारा खुलासा चुकीचा आहे. ते महिने आधीपासून होतेच. त्यांची नावे क्विंतिलिस आणि सेक्स्तिलिस, म्हणजे पाचवा आणि सहावा, अशी होती आणि ती अनुक्रमे इसवी सनपूर्व 44 आणि 8 मध्ये बदलली गेली. वर्षारंभ जानेवारीकडे सरकला, हे खरे कारण.

9. दोन शब्द दिसायला आणि अर्थाने सारखे असतील, तर नाते धरायला हरकत काय?

हरकत मोठी आहे. इंग्रजी हॅव आणि लॅटिन हाबेरे यांचा अर्थ एकच, रूपही जवळचे. तरी त्यांचे नाते नाही. लॅटिन दिएस म्हणजे दिवस, आणि तो संस्कृत "दिव"चा सगोत्र आहे, पण इंग्रजी डे यातला नव्हे. लॅटिन देउस आणि आपला "देव" एकाच कुळातले, पण ग्रीक थेओस त्यांचा कोणी लागत नाही.

नाते ठरते ते नियमित ध्वनिबदलावरून. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळचा "प" जर्मानिक भाषांत "फ" होतो : पितृ, पातेर आणि फादर; पाद, पेस् आणि फूट. मूळचा "क" त्याच नियमाने "ह" होतो. म्हणजे हॅवचे लॅटिन भावंड "ह"ने नव्हे तर "क"ने सुरू व्हायला हवे, आणि ते तसेच आहे : प्रश्न 5 मधील कापेरे. एकूण, फार सारखे दिसणारे शब्द नातलग म्हणून अधिक संशयास्पद असतात.

इंग्रजीच्या आतही हेच होते. मेल आणि फीमेल ही जोडी एकातून दुसरी काढलेली वाटते, पण मेल हा मास्कुलुसपासून आणि फीमेल हा फेमेल्ला, म्हणजे लहान स्त्री, यापासून आला. पुढे शेजारच्या मेलकडे पाहून लोकांनीच फीमेलचे स्पेलिंग बदलले.

10. डेट, म्हणजे कर्ज, या शब्दाच्या स्पेलिंगमधील न उच्चारला जाणारा "बी" कोठून आला?

तो पंडितांनी घातला. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात "बी" नव्हता. नंतर मूळ लॅटिन देबितुम दिसावे म्हणून तो लिहिण्यात घेतला गेला, पण बोलणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. डाउट, म्हणजे शंका, या शब्दाचेही तेच. हा उत्साह कधी कधी अंगाशीही आला : आयलंड हा शुद्ध जर्मानिक शब्द असून केवळ लॅटिन इन्सुला आठवल्यामुळे त्यात "एस" शिरला. आइल, म्हणजे बेट, हा मात्र इन्सुलाचा खरा वंशज आहे.

11. शब्द लॅटिन की ग्रीक, हे कसे ओळखावे?

"फ"साठी पी-एच, "क"साठी सी-एच, किंवा शब्दाच्या मध्ये वाय दिसला, तर मूळ बहुधा ग्रीक असते. पण असे बरेच शब्द लॅटिनच्या हातूनच इंग्रजीत आले आहेत. टेलिव्हिजनसारख्या काही शब्दांत अर्धा भाग ग्रीक आणि अर्धा लॅटिन आहे.

12. ऑक्टोपसचे अनेकवचन ऑक्टोपाय आणि व्हायरसचे व्हायराय करावे का?

दोन्ही टाळावीत. लॅटिनमध्ये "उस"ने संपणाऱ्या अनेक नामांचे अनेकवचन "ई"कारान्त होते हे खरे, पण ऑक्टोपस मूळचा ग्रीक आहे आणि त्याला हा नियम लागत नाही. वीरुस म्हणजे विष किंवा बुळबुळीत द्रव. "विष" हा त्याचा सगोत्र शब्द. प्राचीन लेखनात त्याचे अनेकवचन आढळत नाही. डेटा हे मात्र खरे अनेकवचन आहे : दातुम म्हणजे दिलेली गोष्ट, आणि "दत्त" हा त्याचा आपल्याकडील नातलग. तरी आज डेटा एकवचनी वापरला तर ती चूक मानण्याचे कारण नाही (प्रश्न 3 पाहावा).

या प्रश्नाच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे. इंग्रजीने लॅटिनमधून नुसती नामे घेतली नाहीत, तर चालू वाक्यातून तोडलेली रूपेही घेतली. व्हीटो म्हणजे "मी मनाई करतो", व्हिडिओ म्हणजे "मी पाहतो", एलिबाय म्हणजे "दुसरीकडे" आणि क्वोरम म्हणजे "ज्यांच्यापैकी". यांचे लॅटिन अनेकवचन शोधणे निरर्थक आहे. कळस केला तो ओम्निबस या शब्दाने. ओम्निस म्हणजे सर्व आणि ओम्निबुस हे त्याचे चतुर्थीचे अनेकवचन, म्हणजे "सर्वांसाठी". 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये सर्वांना बसता येणाऱ्या घोडागाडीला हे नाव पडले. इंग्रजीत त्याचे पुढचे अंग गळून फक्त बस उरली. म्हणजे आपण रोज ज्यात चढतो, तो नुसता विभक्तिप्रत्यय आहे. "सर्वांसाठी" या नावातले "सर्वां" गळावे आणि लोकांनी "साठी आली, चला" म्हणावे, तसे हे झाले.

13. रोमन सैनिकांना मिठाच्या रूपात पगार मिळे म्हणून सॅलरी, ही गोष्ट खरी आहे का?

शब्दाचे मूळ खरे आहे, गोष्ट सिद्ध नाही. सालारिउम हा शब्द साल्, म्हणजे मीठ, यापासून आला आहे आणि पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही हा संबंध नोंदवला आहे. पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवले जाई, असा स्पष्ट पुरावा प्राचीन लेखनात नाही.

सिन्सिअर या शब्दाची गोष्ट तर आणखी कच्ची आहे. मूर्तिकार दगडातील भेगा मेणाने बुजवीत आणि ज्या मूर्तीत तसे नसे ती सिने केरा, म्हणजे मेणाविना, असे सांगितले जाते. सिन्केरुस म्हणजे शुद्ध, निर्भेळ, एवढे खरे. मेणाच्या गोष्टीला आधार नाही. शब्दाच्या मागे कथा आली आणि ती फार सुबक असली, की प्रश्न 2 मध्ये सांगितल्याप्रमाणे साखळी आणि वर्षे तपासावीत.

14. दोन शब्दकोशांत दोन वेगळ्या व्युत्पत्ती दिसल्या तर कोणती धरावी?

काही वेळा हा वाद रोमन लोकांइतकाच जुना असतो. रिलिजन हा शब्द रेलिगिओपासून आला यात शंका नाही. पण रेलिगिओ कशापासून? रोमन वक्ता सिसेरोने तो रेलेगेरे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे किंवा आठवणे, यापासून काढला. ख्रिस्ती लेखक लाक्टांटिउस याने तो रेलिगारे, म्हणजे बांधणे, यापासून काढला. दोघेही लॅटिनमध्येच लिहिणारे होते, आणि आजचे शब्दकोश दोन्ही मते देतात. अशा ठिकाणी आपणही दोन्ही टिपून ठेवावीत, आणि प्रत्येकासमोर ते कोणाचे मत आहे हे लिहावे.